घातक पेशी आढळल्या नाहीत

पहिला घाव मायक्रोस्कोपवर बसला. तिचे दोन्ही डोळे तेव्हा भिंगांना टेकलेले होते, त्यामुळे माणूस तिला आधी दिसलाच नाही. निळ्या-गुलाबी पेशींनी भरलेलं उजेडाचं गोल वर्तुळ एकदम कलंडलं, काळं झालं आणि डोळ्याखालच्या हाडावर लोखंड आपटलं. मान वर केली तर टेबलापलीकडं रुंद खांद्यांचा एक माणूस उभा होता. एका हातात हातभर लांब पाइप आणि दुसऱ्या हातात घड्यांवर फाटायला आलेला एक कागद. आवाज मात्र अगदी हळू, दुकानात भाव विचारावा तसा. "सही तुमचीच ना? ही सही तुमचीच ना?" सही तिचीच होती. ती "हो" म्हणाली. एकोणीस वर्षं कुणी सही पुढं केली की हो म्हणायचं, एवढीच सवय. दुसरा घाव तिनं आडव्या धरलेल्या उजव्या मनगटावर बसला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज आपल्या आतून आलाय हे कळायलाही तिला थोडा वेळ लागला. त्यानंतर तो तिच्याकडं वळला नाही. त्यानं ट्रे फोडले, रंगाच्या बरण्या फोडल्या, खिडकीचं तावदान फोडलं. निळी शाई त्याच्या गुडघ्यापर्यंत उडाली. शेवटी एक काच त्याच्याच तळव्यात घुसली, तेव्हा तो थांबला आणि हाताकडं बघत राहिला. मग शिपाई आणि लिफ्टवाला त्याच्यावर तुटून पडले. खाली पडल्या-पडल्या मार खात तो एकच वाक्य म्हणत होता, "कागद होता आमच्याकडं. कागद होता."

ती पेशी वाचायची. कुणी विचारलं तर ती असंच सांगायची आणि लोक हसायचे. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाशी एक लहानसा ब्रश फिरवून जे हाती लागतं ते काचेवर पसरतात, रंगवतात आणि ती काच तिच्यापुढं येते. एका काचेवर हजारो पेशी. ती डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, नांगरणी करावी तशी एक ओळ खाली, एक ओळ वर, कुठंही पट्टी सुटू न देता. ज्या पेशीचा वहीम यायचा तिच्याशेजारी काळ्या शाईचा ठिपका. मग मोठ्या डॉक्टरीणबाई तेवढे ठिपके बघून निकाल द्यायच्या. ठिपका नसला तर काच पुढं जायचीच नाही. ठरलेलं एक वाक्य, खाली तिची सही, संपलं. घातक पेशी आढळल्या नाहीत. हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं होतं की आता ते तिला वाचूनसुद्धा दिसत नसे. सगळे तिला ठिपकेवाल्या बाई म्हणायचे. तिला ते आवडायचं. घरी तिला एवढंसुद्धा नाव नव्हतं, "अगं" होतं.

अपघात विभागात तिच्या हाताला प्लॅस्टर चढवत होते तेव्हा नवरा आला. तो पालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास, पायात तशाच चपला. दारातूनच त्याचा आवाज आला, "कोण? कुणी हात लावला हिला?" परिचारिका दबून बाजूला झाली. किती जीव आहे बायकोवर, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पाइपवाला माणूस समोरच्याच बाकावर हवालदाराशेजारी बसला होता, तळव्याला टाके घालून घ्यायची वाट बघत. कुणीतरी नजरेनं दाखवला असेल. नवरा तीन ढांगांत तिथं पोचला. "बाईमाणसावर हात उचलतोस? लाज नाही वाटत?" आणि त्यानं मारली. उलट्या हाताची. कोपर आधी मागं जातो, पंजा क्षणभर सैल पडतो आणि मग बोटांची उलटी बाजू गालावरून भुवईपर्यंत ओढली जाते, अंगठीसकट. ती खुर्चीतच ताठ झाली. हा फटका तिला बावीस वर्षं ठाऊक होता, पण समोरून. बाजूनं तो कसा दिसतो हे ती आज पहिल्यांदा बघत होती. किती सराईत होता. त्यात राग कमी आणि सवय जास्त होती. "अहो, अहो साहेब," हवालदार मध्ये पडला, "आमच्यासाठी ठेवा थोडा." दोघंतिघं हसले. त्या माणसाच्या भुवईतून रक्ताचा एक ओघळ डोळ्यात उतरला आणि त्यानं तो पुसलासुद्धा नाही.

नवऱ्यानं मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात, गरम. रोज सकाळी चाळीस मुलांच्या पाठीखाली हा तळवा असायचा. "सैल सोड अंग, मी आहे खाली," असं तो त्यांना म्हणायचा आणि मुलं खरंच तरंगायची. पालक त्याच्यावर खूश असत. तिनंही कधीतरी, लग्नाच्या पहिल्या वर्षी, याच हातावर पाठ टाकली होती आणि वर बघितलं होतं. कान पाण्याखाली, सगळं जग मुकं, फक्त त्याचं हसू. आपण खोटं काही आठवत नाही हे तिला माहीत होतं. तेही खरं होतं. तिची लेक आता दुसऱ्या गावी शिकायला होती आणि वडील तलावावर असण्याची वेळ साधून फोन करायची. लेक नऊ वर्षांची असताना शेजारच्या मुलीशी भांडली होती. तिनंही उलट्या हाताची मारली होती, कोपर मागं, पंजा सैल. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर रंगीत खडूंनी पेशी काढून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या: सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हाच जीवाचा लहानात लहान घटक, आणि पेशी तयार होते ती आधीच्या पेशीपासूनच. "मग सर, पहिली कुठून आली?" असं मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं होतं आणि सर म्हणाले होते, "ते पुढच्या इयत्तेत." पुढच्या इयत्तेतही ते आलं नाही.

"पर्स राहिली वर," ती नवऱ्याला म्हणाली. "घेऊन येते." तो म्हणाला, मी आणतो. ती म्हणाली, तुम्हाला सापडायची नाही. आणि तो नाही म्हणायच्या आत ती जिना चढू लागली. पर्स तिच्या काखेतच होती.

काचा ठेवायची खोली जिन्याच्या टोकाला होती. अरुंद, लोखंडी खणांची, एका खिडकीची. हल्ला तिथवर पोचला नव्हता. त्या माणसाच्या हातातला कागद तिनं पुरता वाचला नव्हता, पण काचेचा क्रमांक वाचला होता. क्रमांक वाचल्याशिवाय तिचे डोळे कुठल्याच कागदावरून पुढं जात नसत. तीन वर्षांपूर्वीचा होता. डाव्या हातानं खण ओढताना तो अर्ध्यात अडकला, तिनं गुडघ्यानं रेटला. काच निघाली. एवढीशी, बोटभर, कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेला आकडा. ठिपका एकही नाही. तिथं एक जुना मायक्रोस्कोप होता, नव्या मुलींना शिकवायला ठेवलेला, दोन माणसांना एकदम बघता येईल असा. तिनं दिवा लावला, काच सरकवली आणि डाव्या हातानं चकती फिरवायला सुरुवात केली. डावा हात खुळा होता, पट्ट्या वाकड्या जात होत्या. पसरट पेशी, कडा थोड्या दुमडलेल्या, मध्ये लहान, नीटस केंद्रक. पाण्यावर पाकळ्या पसराव्यात तसं पेशीद्रव्य. निरोगी बाई. पुन्हा निरोगी. तिचा श्वास मोकळा होऊ लागला. आपण बरोबर होतो. मग खालच्या उजव्या कोपऱ्यात, काचेची कड संपता-संपता, त्या दिसल्या. दहा-अकराच. एकमेकींना चिकटून, एकमेकींवर चढून बसलेल्या. केंद्रकं सुजून पेशीभर झालेली, कडा चावून काढल्यासारख्या, रंग इतका गडद की आतलं काही दिसू नये. एकीचं केंद्रक मधोमध फाटत होतं, तीन बाजूंना, निरोगी पेशीसारखं दोन नाही. शिकाऊ मुलीलाही कळलं असतं. आंधळ्यालाही दिसलं असतं, असं तिच्या मनात आलं.

आकड्याच्या खाली तारीख होती. तारीख तिला वाचायची गरज पडली नाही. त्या सकाळी चहा उतू गेला होता. बस्स, एवढंच. चहा उतू गेला, शेगडी विझली, तो म्हणाला, "लक्ष कुठं असतं तुझं?" आणि ती म्हणाली, "पुसते ना." त्या "ना"वर त्याचं डोकं फिरलं. अंगठी भुवईखाली लागली. बसमध्येच डोळा मिटला. प्रयोगशाळेत सगळ्यांना तिनं कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी धरून डोळा बघितला होता, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाल्या होत्या, "घरी जा. आजच्या काचा राहू देत." आणि ती म्हणाली होती, "नको बाई. बरी आहे मी." त्या दिवशी तिनं बासष्ट काचा बघितल्या. एका डोळ्यानं. दुसऱ्यातून पाणी गळत होतं, ते भिंगावर पडायचं, ती बाहीनं पुसायची. त्या दिवशी ती खूश होती, हे तिला आता आठवलं आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. वर्तुळात मान घातली की कुणी हाक मारत नसे. तिथं सगळं आधीच मेलेलं असतं. काचेवर येताच पेशीला अल्कोहोलमध्ये बुडवून मारतात, आकार बिघडायच्या आत, म्हणून तर ती इतकी शांत दिसते. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, पेशीच्या आत लहान-लहान पिशव्या असतात, आत्मघाती पिशव्या म्हणतात त्यांना, त्या फुटल्या की पेशी स्वतःलाच खाऊन टाकते. तेव्हा घाबरून तिनं रात्रभर अंग आखडून घेतलं होतं, एखादी फुटेल म्हणून. त्या दिवशी, बासष्ट काचांच्या दिवशी, तिला वाटलं होतं की फुटल्या तर बरं.

काच बोटांत होती. डावा हात खुळा असला तरी एवढी काच मोडायला पुरेसा होता. तिनं ती वाकवली. काच मोडण्याआधी किंचित वाकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

"काय करतेयस?" दारात मोठ्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी काच तिच्या हातातून काढून घेतली, मायक्रोस्कोपखाली घातली, उभ्या-उभ्याच वाकून बघितलं. कोपरा त्यांना लगेच सापडला. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "दहाएक पेशी आहेत. कडेला. कुणाच्याही नजरेतून निसटल्या असत्या."

"तुमच्या निसटल्या नाहीत."

"यात काहीतरी आहे हे मला आधीच माहीत होतं." त्या खाली बसल्या. "हे बघ, तो माणूस मारहाणीत आत जाईल. ही काच कुणी मागितलेली नाही. मागितली तर समितीपुढं ठेवू, रीतसर. तू आता घरी जा."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

डॉक्टरीणबाईंचा चष्मा पुसणारा हात थांबला. त्यांना कपाटाचं दार आठवलं असावं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि त्यातल्या मोठीनं आधी नजर खाली घातली. त्यांना तिथंच सोडून ती उठली, खाली गेली आणि हवालदाराला म्हणाली, "यांना दोन मिनिटं वर आणा. काही दाखवायचंय."

"आता सिनेमा दाखवणार का याला?" हवालदार म्हणाला. पण तिच्या तोंडाकडं बघून उठला. पाइपवाला माणूस तळव्याचं बांधलेलं गाठोडं छातीशी धरून मुकाट मागून आला. मागून नवराही आला, "अगं, काय चाललंय तुझं, पर्स कुठंय?" असं विचारत. अरुंद खोलीत पाच माणसं मावेनात. नवरा उंबऱ्यातच उभा राहिला.

"इथं डोळे लावा," ती त्या माणसाला म्हणाली. तो वेल्डर होता, हे त्यानंच सांगितलं, आम्हाला उजेडाकडं बघायची सवय असते म्हणून. सवयीनं त्यानं एक डोळा मिटला. समोरच्या भिंगातून ती बघत होती. "मध्ये काळपट घोळका दिसतोय?"

"दिसतोय."

"तो रोग आहे. तुमच्या बायकोचा. तीन वर्षांपूर्वीचा."

त्यानं डोळा न काढता विचारलं, "हे तिचं आहे? तिच्या अंगातलं?"

"हो."

"जिवंत?"

"नाही."

"ती यायला तयार नव्हती," तो भिंगात बघतच म्हणाला, जणू आत कुणाला सांगत होता. "कशाला उगाच, म्हणायची. मीच ओढून आणली. मग तुमचा कागद मिळाला. पुढं रक्त जायला लागलं की ती तो कागद काढायची. बघ, आढळल्या नाहीत म्हणून लिहिलंय. मी म्हणायचो, दाखवून येऊ. ती म्हणायची, कागद आहे ना. दीड वर्ष कागदच दाखवत राहिली मला. बारा दिवस झाले जाऊन." त्यानं डोळा काढला. भुवईवर रक्त वाळलं होतं. "एवढं मोठं दिसतंय हे. मला दिसतंय. तुम्हाला का नाही दिसलं?"

मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बघा, अशा तपासण्यांमध्ये..." पण तिनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. बावीस वर्षं जे वाक्य तिनं जिभेखाली ठेवलं होतं, ते बाहेर येताना फार साधं निघालं. "डोळा सुजून बंद झाला होता माझा. त्या दिवशी सकाळी यांनी मारलं होतं." आणि प्लॅस्टरचा हात उचलून तिनं दाराकडं केला.

नवरा हसला. खरंच हसला, तलावावर एखादं पोर रडायला लागलं की हसायचा तसा. "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. मार लागलाय ना. चल घरी, चल." त्यानं आत पाऊल टाकून तिचा चांगला हात धरला आणि बोटं घट्ट केली. पुढचं सगळं इतक्या चटकन झालं की हवालदाराचा हात कमरपट्ट्यावर पोचेपर्यंत झालंही. वेल्डरनं बांधलेल्याच हातानं नवऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. लोखंडी खणांवर डोकं आपटलं. वेल्डरनं कॉलर धरून त्याला पुन्हा उभा केला आणि पुन्हा मारला. टाके उसवले, पट्टी लाल होत गेली, आता कुणाचं रक्त कुणाच्या तोंडावर आहे हे कळेना. नवरा खाली बसला, तोंडातून काहीतरी पांढरं थुंकला आणि तिच्याकडं हात पसरून "अगं, अगं" म्हणू लागला. तिला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नव्हता. तो पोटातून उसळून घशापर्यंत आला आणि प्लॅस्टरच्या हाताची तिची बोटं आपोआप वळू लागली, मुठीसारखी, इतकी की कळ मस्तकात गेली. आणखी एक, असं तिच्या आत कुणीतरी म्हणत होतं. आणखी एक, तोंडावर. तो आवाज तिला अजिबात परका वाटला नाही. लेकीला कुणी शिकवलं नव्हतं तसंच तिलाही कुणी शिकवलं नव्हतं. वेल्डरचा कोपर तिसऱ्यांदा मागं गेला. ती पुढं झाली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. "पुरे," ती म्हणाली. "माझ्यासाठी मारू नका. तुम्हाला माझ्यावर राग आहे. तो तेवढाच ठेवा."

वेल्डरचा हात खाली आला. तो भिंतीला टेकून हळूहळू बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, नाक न पुसता. हवालदार त्याच्या उरावर चढायला निघाला होता, तोही थांबला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या डोक्याखाली स्वतःचा पांढरा कोट घडी करून दिला आणि खाली कुणाला तरी स्ट्रेचरसाठी फोन केला.

"पण बाई," वेल्डर रडताना म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग उरला नव्हता, नुसता प्रश्न होता. "एवढा डोळा सुजला होता तर घरी जायचं होतं. घरी का नाही गेलात त्या दिवशी?"

"घरी हे होते," ती म्हणाली.



नवऱ्याला खाली नेलं. स्ट्रेचरवरून तो तिला शोधत होता, पण ती जिन्याकडं गेली नाही. हवालदारानं वेल्डरला बाहेरच्या बाकावर बसवून बेडी घातली. मग आत येऊन, खुर्ची ओढून, मांडीवर जाड वही उघडली. "बाई, तक्रार घ्यावी लागेल. या माणसाविरुद्ध, हो ना?"

"त्याच्याविरुद्ध लिहा. हात मोडलाय, ते लिहा." ती थांबली. "मग माझ्याविरुद्ध लिहा. बासष्ट काचा, त्यातली एक चुकली. बाकीच्या एकसष्टही परत बघायला हव्यात, तेही लिहा."

"आणि?"

"आणि नवऱ्याविरुद्ध. ते जरा मोठं आहे. पानं आहेत ना पुरेशी?"

हवालदारानं तिच्याकडं बघितलं, वही चाळून बघितली आणि आहेत म्हणाला. मोठ्या डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या, कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "डोळ्याचं मी बघितलं होतं. माझंही नाव घाला." तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही, पण सरकून जागा दिली. खिडकीतून दुपारचं ऊन खणांवर पडलं होतं आणि खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेताना मदत करत होतं, येऊ दे, येऊ दे, बस. हवालदारानं पेन झटकलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, काम काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, पेशी वाचते. तो हसला नाही, तसंच लिहिलं.

"पत्ता?"

तिनं तोंड उघडलं. घर क्रमांक ओठांवर आला होता.

"ती जागा," ती म्हणाली, "सध्या रिकामी ठेवा."